फेकलेला कोपरा

निफाडहून बसने नाशिकच्या आमच्या कॉलेजात येणारे गणिताचे ते सर ‘चूक’ हा शब्द कधी उच्चारत नसत. चूक दिसली की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "मॅडम, हे लय सोपं नाय का झालं?"

आजी झाले, आता कबूल करते. नव्वदच्या दशकात मी नवी प्राध्यापिका होते. साडीला स्टार्च, डोक्याला त्याहून जास्त. ब्लॉकमध्ये विभागलेल्या, खाली शून्यं असलेल्या मॅट्रिक्सचं, म्हणजे आकड्यांच्या चौकटीचं, ‘जॉर्डन रूप’ नावाचं सर्वांत साधं रूप काढताना मी फक्त कर्णावरचे ब्लॉक बघायचे आणि वरचा कोपरा खुशाल फेकून द्यायचे. एका मुलीने तो विचारात घेतला, म्हणून तिला शून्य दिलं. त्या शून्यामुळे ती नापास होत होती.

मी तपासलेले पेपर चाळताना सरांचा चष्मा वर गेला. बसच्या तिकिटामागे त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: कर्णावर दोन आणि दोन, वर एक, खाली शून्य.

"फेका आता कोपरा."

फेकता येईना; फेकला की उत्तरच बदलत होतं. दोन्ही ब्लॉकची आयगेनव्हॅल्यू, म्हणजे इथे कर्णावरचा आकडा, एकच असली, की कोपऱ्याकडे बघावंच लागतं. नशीब, गुणयादी अजून माझ्याच पर्समध्ये होती! शून्य खोडून पूर्ण गुण दिले आणि हुश्श केलं.

सर पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले, "चला, दोघीबी पास झाल्या."