पोचट राखेचा डोंगा

मी पत्रकांवर वाढले. बाबा मोर्च्याची पत्रकं छापून आणायचे आणि उरलेल्या पत्रकांवर आम्ही पोहे खायचो. त्यामुळे अड्याळजवळच्या गावात राहणाऱ्या मामाने डोंग्यासाठी वीज केंद्राच्या राखेतली भुकटी आणली, तेव्हा मी त्याच्या अंगणातच भाषण सुरू केलं. जी राख आपल्या शेतांवर उडते, तीच विकत आणायची? माझ्या पिशवीत तिच्याविरुद्धची पत्रकं होती, तीही दाखवली.

मामाने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या फायबरच्या डोंग्याचं नाक दगडावर आपटून फुटलं होतं आणि परवा तलावातली मासळी काढायची होती. ज्याचा डोंगा पाण्यात नाही त्याला वाटा नाही, असा तिथला नियम. "डोंगा तरंगू दे बाई, मंग मी बी तुयासंगं नारे देतो," तो म्हणाला.

भुकटीचा प्रत्येक कण म्हणजे आतून पोकळ गोळी. रेझिनमध्ये कालवून भेगेत भरली की डोंगा जड होत नाही, असं दुकानदाराने मामाला समजावलं होतं. मामाने मामीला मात्र एवढंच सांगितलं, हे जरा साफ करून ठेव.

मामीचं माहेर आसगावचं, धानाच्या बांध्यांमधलं. तिने भुकटी पेरणीआधीच्या बियाण्यासारखी साफ केली. मिठाच्या पाण्यात ओतली, वर आलेली परसातल्या खड्ड्यात फेकली आणि तळाशी बसलेली मूठभर जपून सुपात वाळत घातली.

सूप पाहून मामा खालीच बसला. "सारा माल काहून फेकला वो?"

"पोचट होता. पोचट कोनी पेरते काय?"

खड्ड्यात, भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर, भुकटी राखाडी साय होऊन तरंगत होती. मामा चहाच्या गाळणीने, मामी जुन्या लुगड्याच्या फडक्याने आणि मी हातांनी ती गोळा करत बसलो. चांगल्या पाण्याने धुतली. वाळवायला कोरडा कागद हवा होता. घरात कागद फक्त माझ्या पिशवीत होता.

भेग बुजली आणि डोंगा पाण्यात उतरला. नाकातून थेंबही आत आला नाही आणि मामाचा वाटा पक्का झाला. तलावाच्या मधोमध त्याने वल्हं उंचावून राखेविरुद्ध घोषणा दिली.

मी काठावर पत्रकं वाटली. भुकटी अजून चिकटलेली होती. मामीने एक हातात घेऊन झटकलं.

"पोरीनं पुरावा बी सोबतच आनला," ती म्हणाली.