भिंतीपलीकडच्या अक्काचे दहा भाग

आमच्या पोटमालिकेचा पहिला हंगाम टाकाऊ होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर दहाच्या दहा भाग मीच लिहिलेले असल्यामुळे पुढे कुठेतरी मी त्यांची बाजू घ्यायला लागेन. मोबाईलवर बघायचं कार्टून होतं, घरगुती विनोदाचं. चॅनलवाला त्याला 'स्पिन-ऑफ' म्हणायचा. एका मालिकेतून काढलेली दुसरी म्हणून मी पोटमालिका म्हणत असे, पोटभाडेकरू म्हणतात तसं. तो शब्द त्याला आवडला नाही. मालिकेचं नाव इथे लिहीत नाही. तेही मीच ठेवलं होतं आणि आता ते मला बघवत नाही.

मी हळ्ळीखेडला मराठी शाळेत शिकवते. कर्नाटकातली मराठी शाळा म्हणजे वर्ग पुष्कळ आणि मुलं मोजकी, त्यामुळे शिक्षकाला लिहायला वेळ मिळतो. माझा एक जुना विद्यार्थी आता बापई माणूस झालाय, उदगीरला दोन खोल्यांत स्टुडिओ टाकून बसलाय; तोच हा चॅनलवाला. त्याने मला एका भांडखोर कुटुंबाची मालिका लिहायला सांगितली. नवरा, बायको, दोन पोरं, एक म्हातारा. दर भागात ही मंडळी कशावरून तरी भांडत, भांडण अगदी रंगात आलं की कंपाउंडच्या भिंतीपलीकडून एक बाई एकच वाक्य बोले आणि भाग संपे. ती बाई कधी दिसायची नाही. पडद्यावर नुसती भिंत, तिच्यावर वाळत घातलेली गोधडी आणि आवाज.

तो आवाज आमच्या शेजारच्या अक्काचा होता.

अक्का साठीच्या पुढची. लिंगायत घरातली. घरात कानडी, दारात मराठी आणि भाजीवाल्याशी दखनी उर्दू. तिन्ही भाषांत ती समोरच्याला सारखीच गार करायची. नवरा जाऊन दहा-बारा वर्षं झालेली, मुलगा बेंगळूरला, नात बिदरला कॉलेजात. घरात बोलायला कोणी नव्हतं म्हणून ती भिंतीशी बसून तूर निवडत माझ्याशी बोलायची. ती तिच्या अंगणात, मी माझ्या. वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींचं तोंड न बघता गप्पा मारल्या आहेत.

पहिल्या तीन वेळा मी तिला न सांगता तिचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. हे लिहायला लाज वाटते, पण झालं ते असंच. वारा लागू नये म्हणून मोबाईल रुमालात गुंडाळून भिंतीवर ठेवायचा आणि अलीकडून आपण विषय काढायचा. "अक्का, आमच्या ओळखीत एकांनी फ्रीज घेतलाय आणि कुठं ठेवावा म्हणून चार दिवस भांडायलेत."

पलीकडून सुपाचा आवाज थांबायचा. "दारात ठेवा म्हणावं की. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल तरी. न्हाईतर घेतलाव कामून?"

झालं, भाग तयार. एकदा पथ्य करणाऱ्या नवऱ्याचा भाग होता. अक्का म्हणाली, "भाकरी सोडलाव म्हणायलाव, मग दुपारी माझ्या घरची कोण खाऊन गेलं? मांजरानं खाल्ली म्हणावं तर मांजर पाणी मागून पीत न्हाई." चौथ्या वेळी मी तिला खरं सांगितलं आणि तिचाच आवाज तिला ऐकवला. मला वाटलं होतं चिडेल. ती हसून हसून पदर तोंडाला लावून बसली. "अय्यो, ही मीच व्हय? लई आगाऊ बाई हाय की." तेव्हापासून ती माझी वाटच बघायची. भिंतीवर मोबाईल ठेवल्याचा आवाज आला की विचारायची, "आज कोण भांडायलंय?"

गावात तिला लोक थांबवून बोलू लागले. बसमध्ये एका पोरीने आवाजावरून ओळखलं, तर ती गोष्ट तिने मला आठवडाभर रोज सांगितली. मालिकेखाली लोक लिहीत, भिंतीपलीकडच्या काकूंना वेगळी मालिका द्या. लातूरहून, सोलापूरहून, आणि दुबईला गेलेल्या आमच्याच लोकांकडून. चॅनलवाला भागामागून भाग काढून दमला होता. त्याला ही पोटमालिका आयतीच मिळाली. मलाही. खोटं कशाला बोलू, 'लेखिका' म्हणून माझं नाव पहिल्यांदाच मोठ्या अक्षरांत येणार होतं.

आता चुका सांगते. पहिली चूक म्हणजे तिला दाखवावं लागलं. इतके दिवस ज्याला त्याला भिंतीपलीकडे आपापली आत्या, आपापली मावशी दिसत होती. आता तिथून एक गोल गरगरीत बाई बाहेर आली, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगावर पैठणी. पैठणी! हळ्ळीखेडात गुरुवारच्या दुपारी पैठणी नेसून तूर निवडणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. मी तसं म्हटलं. चित्र काढणारा म्हणाला, मॅडम, काकू म्हटलं की लोकांना अशाच लागतात. मी गप्प बसले. गप्प बसायची मला तिथूनच सवय लागली.

मग भाषा. चॅनलवाला म्हणाला, वेगळी मालिका आहे, पुण्या-नाशिकच्या लोकांना समजली पाहिजे, जरा स्वच्छ करा. स्वच्छ हा त्याचा शब्द. आणि शाळामास्तरणीला दुसरं काय येतं? मी लाल पेन घेऊन बसल्यासारखी बसले आणि सगळे 'कामून' काढून 'का बरं' घातले, 'व्हय'चं 'हो ना' केलं. एवढ्यावर भागलं नाही, प्रत्येक भागाच्या शेवटी मी अक्काच्या तोंडी तात्पर्य घातलं. पाणी जपून वापरा. मुलींना शिकवा. वडीलधाऱ्यांचा मान ठेवा. जिने उभ्या आयुष्यात कोणाला उपदेश केला नाही, फक्त टोमणे मारले, तिला मी दहा वेळा हात जोडून पडद्यासमोर उभी केली. ही चूक कोणी माझ्याकडून करवून घेतलेली नाही. ती माझ्या स्वतःच्या डोक्यातून आली.

पण सगळ्यांत मोठी खोट वेगळीच होती आणि ती अक्काने पहिल्याच दिवशी ओळखली. रेकॉर्डिंगसाठी आम्ही दोघी उदगीरला गेलो. भिंतींना काळा फोम लावलेली खोली, दार बंद, पंखा बंद, कानाला हेडफोन. अक्काची शाळा कानडीत चौथीपर्यंत झालेली, देवनागरी तिला नीट वाचता येत नाही. म्हणून मी सगळे मराठी संवाद कानडी अक्षरांत लिहून नेले होते. आमच्या भागात हे नवल नाही, पुष्कळ घरांत मराठी अभंग कानडी अक्षरांत लिहिलेले सापडतात. तिने कागद हातात घेतला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "टीचर, मी कुणाला बोलू?"

"माइकला बोला की, अक्का."

"ते काय म्हणलं मला?"

चॅनलवाला हसला. मीही हसले. वास्तविक तिथेच काम थांबवून घरी यायला हवं होतं. अक्काचं प्रत्येक वाक्य हे कोणाला तरी दिलेलं उत्तर होतं. आधी कोणीतरी मूर्खपणा करायचा, मग ती बोलायची. या मालिकेत मूर्खपणा करणारं ते भांडखोर कुटुंबच नव्हतं, कारण ती मालिका वेगळी चालू ठेवायची होती. दहा दहा मिनिटं अक्का एकटीच बोलत होती, आणि अर्ध्या मिनिटाची बाई दहा मिनिटं ताणली की काय होतं ते सगळ्या जगाने पाहिलं.

एकटी कशी दिसेल म्हणून तिला एक नवरा दिला गेला. खुर्चीत बसून घोरणारा, मिशाळ. दर भागात तिने त्याला हाक मारायची आणि त्याने न उठता कूस बदलायची, हा हमखास विनोद. अक्काने पहिली हाक मारली आणि ती थांबली. पाणी मागितलं. म्हणाली, "उठतच न्हाई का त्यो?" चित्र काढणारा म्हणाला, नाही काकू, तोच तर जोक आहे. अक्काच्या घरचा माणूस खुर्चीतच गेला होता. दुपारचा डोळा लागलाय म्हणून तिने दोनदा हाका मारल्या होत्या, तिसऱ्या हाकेला मला बोलावलं होतं. मी तिच्या घरी धावत गेले होते, सगळं मला माहीत होतं. आणि तरी मी काचेपलीकडून म्हणाले, "अक्का, पुन्हा एकदा घेऊ, जरा मोठ्यानं." लिहिताना ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. ध्यानात आलं होतं. विनोद चांगला जमलाय असंही वाटलं होतं.

भाग येऊ लागले. प्रत्येक वाक्यामागे आधीच रेकॉर्ड केलेलं, डब्यातलं हसू घातलेलं, त्यामुळे निदान तेवढं तरी कोणीतरी हसत होतं. खाली लोकांनी लिहिलं, आवाज तोच आहे पण मजा नाही. काकू वाचून दाखवतात. काकूंना वेगळी मालिका कोणी दिली? मी वाचून बंद केलं. पण अक्काची नात सुटीला आली होती, आणि अक्काने तिला एकेक वाचून दाखवायला लावलं. भिंतीच्या अलीकडे मला सगळं ऐकू येत होतं. नात काही गाळायला लागली की अक्का म्हणायची, "गाळू नको. सांग."

दुसऱ्या दिवशी ती संवादांचे कागद घेऊन माझ्या दारात आली. इतक्या वर्षांत ती फाटकातून क्वचित आली असेल.

"माझं वाचणं चुकलंय, टीचर. लोकं म्हणायलेत. तू शिकव मला."

"तुमचं न्हाई चुकलं अक्का. लिहिणं चुकलंय."

"तुझं कसं चुकंल? तू शाळेत शिकवायलीस."

मी पाट मांडला. संक्रांतीपासून होळीपर्यंत ती रोज चार वाजता येत राहिली. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून ती तेच टाकाऊ संवाद पुन्हा पुन्हा म्हणायची. 'का बरं' म्हणताना तिची जीभ अडखळायची, मग सुधारली. भिंतीशी बसणं बंद झालं. तिला वाटायचं तिथे बसलं की जुनी सवय तोंडात येते. घरातसुद्धा ती जपून बोलू लागली. भाजीवाला एकदा मला म्हणाला, "अम्मा को क्या हुआ? आजकल गाली भी नहीं देते."

अशात चॅनलवाल्याचा फोन आला. दुसरा हंगाम करायचाय. चित्रं तयारच आहेत. फक्त भाषा पुन्हा गावठी करा मॅडम, लोकांना तीच पाहिजे. तात्पर्य काढून टाका. नवरा काढा. भांडखोर कुटुंब परत आणू.

मी म्हटलं, अक्कांना किती आनंद होईल.

तो म्हणाला, लातूरची एक मुलगी आहे, कोणाचाही आवाज काढते. अक्कांचं ते भिंतीवरचं जुनं रेकॉर्डिंग तेवढं पाठवून द्या. ती ऐकून ऐकून शिकेल. अक्कांना आता ते जमत नाही मॅडम, तुम्हालाही माहीत आहे.

माहीत होतंच. नाही म्हणता आलं असतं. मी सगळी रेकॉर्डिंगं पाठवली, न सांगता केलेली पहिली तीनसुद्धा. संवादही लिहून दिले. आणि लिहिताना मला रोज चार वाजेपर्यंत उरकावं लागे, कारण चार वाजता अक्का यायची. एक दिवस तिने पहिला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता म्हणून दाखवला. एक उच्चार चुकला नाही, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. घाम पुसत तिने विचारलं, "आता बराबर हाय?"

"बराबर हाय," मी म्हणाले. ते खरंच बरोबर होतं, माझ्या शाळेतल्या मुलांनी म्हणावं इतकं. लातूरच्या मुलीचं उद्या सांगू असं मनात म्हणाले आणि तो उद्या काही मी उजाडू दिला नाही.

दुसऱ्या हंगामाचा पहिला भाग आला, तो मी शाळेतच बघितला. चांगला होता. त्या पोरीने आवाज हुबेहूब उचलला होता, सूप थांबल्यासारखी ती मधली जागासुद्धा. मी हसले, आणि हसू आल्याबद्दल मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्वारी घेऊन गिरणीवर गेले तर अक्का रांगेत पुढे होती. तिने तो भाग बघितला होता की नाही, मला कळेना. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यात चार बायकांनी तिला गराडा घातला.

"अक्का, औंदा झकास! पोट दुखेपर्यंत हसलो बघा."

"मागल्या टायमाला काय झालतं तुमाला? औंदा कसं मोकळं बोलायलाव."

आता ती सांगेल, असं मला वाटलं. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या.

"व्हय," अक्का म्हणाली. "टीचरनं शिकवली."

बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग त्यांतली एक अक्काचा हात धरून मागे लागली, "एकदा म्हणून दाखवा की. त्यातलं कायबी. एकच."

अक्काने नाही-नाही केलं, पण त्या ऐकेनात. शेवटी तिने डबा खाली ठेवला, पदर सारखा केला, घसा साफ केला आणि मी लिहिलेलं वाक्य म्हटलं. "का बरं इतके पाणी वाया घालवता? पाणी म्हणजे जीवन, हो ना?" स्वच्छ, सावकाश, एकही चूक नाही.

बायका थांबल्या. पुढे काही येईल म्हणून वाट पाहिली. मग ती हात धरलेली म्हणाली, "असं न्हाई वो अक्का. त्या मोबाईलमधली अक्का बोलायलीय न्हाई का, तसं."

अक्काने थोडा वेळ आठवून पाहिलं. तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग तिने डबा उचलला.

"तसं मला येत न्हाई," ती म्हणाली.