मोजलं का, भावजी?

दादासाठी मुलगी बघायला आम्ही अहमदपूरहून उदगीरला गेलो, तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. पोहे खाऊन मत देणं एवढंच माझं काम होतं. मुलगी डॉक्टर झालेली, पुढे भूलशास्त्र शिकत असलेली. तिने ट्रे ठेवला, समोरच्या खुर्चीत बसली आणि मान जराशी खाली घालून गप्प राहिली. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "डॉक्टर असून किती लाजरी हाय बघ." मिनिटभराने त्या लाजऱ्या मुलीने मान वर केली आणि आमच्या वडिलांना, बापूंना, विचारलं, "काका, लांबून चालत आलात का?"

"न्हाई बा. अर्धा तास झाला, बसूनच हाव की."

"मग मिनिटाला अठ्ठावीस श्वास जास्त आहेत. उद्या छातीचा फोटो काढून घ्या."

इतका वेळ तिची नजर बापूंच्या सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर होती. फोटो काढला, तर छातीत पाणी झालेलं निघालं. बापू बरे होऊन घरी आले आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पण आपण तिला किती पसंत पडलो, त्याचा काही भरवसा न्हाई."

निर्मलावहिनी ही अशी आमच्या घरात आली. येता-जाता कुणाचंही मनगट धरायची. "सून येता-जाता माझा हात धरती," असं आईने अख्ख्या गल्लीत सांगितलं. खरी गोष्ट मला पुढे कळली. मनगट धरणं हे सोंग होतं. माणसाला वाटावं की नाडी बघताहेत, आणि तेवढ्यात वहिनीने छातीकडे बघून श्वास मोजावेत. "श्वास मोजते म्हटलं की माणूस नीट श्वास घ्यायला लागतो, भावजी," ती म्हणाली. "फोटो काढताना तुम्ही पोट आत घेता ना, तसं." मी तेव्हा काही एवढा जाड नव्हतो, पण ते असो.

दादा विष्णुपुरीला धरणावर नोकरीला होता आणि वहिनी नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात अधिव्याख्याता. 'भूल देणाऱ्या बाई' म्हणजे नक्की काय करतात, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. तिचं म्हणणं असं, "भूल काय, कुणी बी देईल. माणूस परत आणायचा, ते काम. सर्जनसाहेब टाके घालून जेवायला जातात. मग उरतो तो माझा." घरातही तिचा एकच प्रश्न असायचा. साखर संपत आली म्हटलं, की "मोजलं का?" बस चुकली, खूप उशीर झाला म्हटलं, की "मोजलं का?" "अंदाज मिठाचा करावा, भावजी. बाकीचं मोजावं."

मग भूकंप झाला. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. मी तोवर लातूरला भाड्याच्या खोलीत बायॉलॉजीच्या शिकवण्या सुरू केल्या होत्या. भिंतीला तडा गेला, पोरं गावाकडे गेली आणि माझा क्लास आपोआप बंद पडला. नांदेडहून डॉक्टरांचं पथक लातूरला आलं, त्यात वहिनी होती. लोक छताखाली झोपायला तयार नव्हते, म्हणून दवाखान्याच्या आवारात मांडव टाकलेले. गणपतीचेच ते, झालरीसुद्धा काढलेल्या नव्हत्या. त्यांच्याखाली ढिगाऱ्यातून काढलेली माणसं.

मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी एका कागदाकडे बघत उभी होती. "हे बघा. चाळीस खाटा, आणि सगळ्यांसमोर श्वास वीस. एवढी माणसं बरोबर वीसच श्वास घेऊन राहिली? कवायत हाय का काय?" ज्याने कुणी ते लिहिलं होतं त्याने मोजलं नव्हतं, हे उघड होतं. त्या गर्दीत कुणाला मोजायला फुरसत होती? पण वहिनीला एक गोष्ट खटकत होती. काही माणसं बोलत होती, चहा मागत होती, आणि दुसऱ्या दिवशी एकदम बिघडत होती. बिघडण्याआधी त्यांचा श्वास वाढतो का, आणि किती आधी वाढतो, हे तिला बघायचं होतं. ते कळलं असतं, तर कुणाकडे आधी धावायचं हेही कळलं असतं. उपचार डॉक्टर करतच होते. ही नोंद त्याहून वेगळी, अभ्यासासाठी. तिने मला सेकंदकाट्याचं घड्याळ आणि चौकटीची वही दिली. खाट, नाव, गाव, वेळ, श्वास. तिसरा मांडव माझा. "पूर्ण मिनिट मोजायचं. अर्धं मोजून दुप्पट न्हाई करायचं. मास्तर लोकांना ती सवय असती."

पहिले दोन दिवस मी प्रामाणिकपणे मोजलं. तिसऱ्या दिवसापासून मनगट धरून बसलो, की माणूस बोलायला लागायचा. इतक्या दिवसांत आपला हात धरून कुणी मिनिटभर बसलेलं त्यांना मिळालं नव्हतं. लामजन्याकडचा एक म्हातारा मला घरातल्या एकेकाचं नाव सांगत होता, कोण कोणत्या खोलीत झोपलं होतं तेही. माझे डोळे घड्याळावरून सुटले. मी ऐकत बसलो आणि उठताना रकान्यात लिहिलं, बावीस. पुढच्या खाटेवर अठरा. ते सोपं आहे हे एकदा कळल्यावर मी मोजणं सोडलंच. बरं, मी पडलो विज्ञानाचा मास्तर. सगळीकडे वीस लिहिलं तर पकडला जाईन, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी अठरा, चोवीस, सव्वीस असे आकडे छान पेरून लिहिले. ज्यांनी वीस लिहिलं ते निदान आळशी होते. मी हुशार होतो.

त्यानंतरच्या वर्षांत लातूरचं जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गल्लीगल्लीत क्लास, क्लासवर मेस, मेसवर हॉस्टेल, आणि गॅलरीत वाळत घातलेले परजिल्ह्यांतल्या पोरांचे टॉवेल. माझ्या खोलीचा हॉल झाला, हॉलचे तीन मजले झाले. माझ्या फोटोचा फलक चौकात लागला. त्यात मी कशाकडे तरी बोट दाखवतो आहे. कशाकडे, ते मलाही सांगता येत नाही.

आणि वहिनी नांदेडला अधिव्याख्याताच होती. सहयोगी प्राध्यापक व्हायला शोधनिबंध लागायचा, आणि तिचा सगळा निबंध त्या वह्यांत होता. दर रविवारी विष्णुपुरीच्या क्वार्टरमध्ये जेवणाच्या टेबलावर ती मोठे चौकटीचे कागद पसरायची आणि एकेका माणसाचा श्वास आणि पुढे त्याचं काय झालं ते जुळवायची. मी गेलो की कौतुकाने म्हणायची, "भावजींची पानं बघा. एक खाडाखोड न्हाई." खाडाखोड कुठून असणार?

घोळ पुढेच होता. बाकीच्या मांडवांत तिचा अंदाज बरोबर निघत होता. आधी श्वास वाढायचा, मग माणूस बिघडायचा. तिसऱ्या मांडवात मात्र कशाचा कशाला मेळ नव्हता. "तिसऱ्यातलीच माणसं अशी का वागून राहिली?" हे ती मला, दादाला, भांडी घासणाऱ्या सखूबाईंनासुद्धा विचारायची. सहा महिने ती त्याचं कारण शोधत होती. तिसऱ्या मांडवात वारा जास्त होता का? तिथे उशिरा बाहेर काढलेली माणसं होती का? शेवटी तिने निबंधात त्यावर अख्खं पान लिहिलं. मुलाखत महिन्यावर आली होती. सोमवारी निबंध पोस्टात पडणार होता. रविवारी तिने ते पान मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "तुम्ही होता तिथं. वारा येत होता ना?"

"वहिनी," मी म्हणालो, "वारा न्हाई. मी."

"म्हणजे?"

"मी मोजलं न्हाई. तिसऱ्या दिवसापासून मनानं लिहिलं."

दादाने पेपर खाली ठेवला. वहिनी उठली. कपाटातून दुसरी वही काढली आणि माझ्या पानांवरची नावं एकेक करून त्यात शोधायला लागली. मला वाटलं, चुका काढून राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुमच्या मांडवातली जी गेली, त्यांना मी स्वतः दिवसातून दोनदा बघत होते. तुमच्यामुळं कुणी गेलं न्हाई." आधी तिने ते तपासलं होतं. मग विचारलं, "पहिले दोन दिवस मोजलं होतं?"

"हाव. देवाशप्पथ."

"देवाला कशाला मधी आणता? तो काय मोजत होता?"

दादा म्हणाला, "अगं, असू दे आता. मुलाखत होऊ दे, मग दुरुस्त कर. कुणाला कळणार हाय?"

"उद्या कुणी डॉक्टरनं हे वाचून श्वास वाढलेल्या माणसाला तिसऱ्या मांडवासारखाच बरा हाय म्हणून झोपवलं, तर त्याला काय सांगू? भावजींचा पत्ता देऊ?"

तिने माझी सगळी पानं बाजूला काढली. पहिल्या दोन दिवसांचीसुद्धा. मी कळवळून म्हणालो, "ते तरी खरं हाय, वहिनी." ती म्हणाली, "असेल. पण खरं आणि खोटं तुम्ही एकाच अक्षरात लिहिलंय." तेव्हा मला पहिल्यांदा खरी लाज वाटली. सगळ्यांत जास्त खाटा तिसऱ्यातच होत्या; माझी पानं गेल्यावर माणसं फार थोडी उरली. तेवढ्यावर निबंध उभा राहीना. सोमवारी पोस्टात काही पडलं नाही.

मुलाखतीला ती गेली. तिथली गंमत तिनेच घरी सांगितली. "साहेब म्हणाले, संशोधन? म्हटलं, होतं. ते म्हणाले, होतं म्हणजे? म्हटलं, मोजताना कमी भरलं." ती जागा तिच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलाला मिळाली. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला सर म्हणायला लागली. तो बिचारा संकोचाने तिला मॅडम मॅडम करत मागे फिरायचा.

मला ती एका शब्दानेही बोलली नाही. पण नियतीने म्हणा किंवा लातूरने म्हणा, माझी पोरं डॉक्टर व्हायला तिच्याच वॉर्डात जाऊन पडायला लागली. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला एका पेशंटपाशी उभं करायची आणि श्वास विचारायची. मग मला फोन यायचा. "भावजी, तुमचा माल आला. दहा सेकंद बघितलं आणि वीस म्हणून राहिला."

"पुस्तकात तेच उत्तर हाय, वहिनी."

"हाव, पण पेशंटनं पुस्तक वाचलेलं न्हाई ना."

पुढे तिच्या दवाखान्यात अतिदक्षता विभाग झाला. अपघाताचे पेशंट तर आमच्या रस्त्यांनी तिला भरपूर पुरवले. तिने सगळं पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ती स्वतः आणि तिने शिकवलेल्या सिस्टर, बाकी कुणाच्या हातात वही नाही. कित्येक वर्षं लागली. जुने भूकंपाचे उरलेले पेशंट आणि हे नवे मिळून निबंध छापून आला, तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. बढती मिळाली, ती निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना.

निबंधाची प्रत तिने मला दिली. मी इंग्रजी चाचपडत वाचत गेलो आणि मधल्या एका वाक्यावर थांबलो. अर्थ असा, की एका निरीक्षकाच्या सर्व नोंदी वगळल्या आहेत, कारण त्याने श्वास मोजले नव्हते.

"वहिनी, हे लिहायची काय गरज होती? नुसती वगळायची."

"नाव न्हाई टाकलं, ते तुम्ही घरचे म्हणून. वाक्य टाकलं, ते कामाचं म्हणून." मग पहिल्यांदा तिने विचारलं, "का न्हाई मोजलं हो तुम्ही?"

मी त्या म्हाताऱ्याचं सांगितलं. तो नावं सांगत होता, घड्याळाकडे बघणं जमलं नाही. "मग रकाना कोरा सोडायचा, भावजी," ती म्हणाली. "मी काय रागावले असते? म्हटलं असतं, इथं माणूस बोलत होता."

वहिनी गेल्या वर्षी गेली. आजार थोड्या दिवसांचा होता. कॉलेजात शोकसभा झाली आणि घरच्यांतर्फे मला बोलायला सांगितलं. तीन मजल्यांच्या क्लासचा मालक, मला माइकची कसली भीती? मी तिच्या शिस्तीबद्दल चार वाक्यं बोललो, आणि पाचवं तोंडातून निघून गेलं. "मॅडमच्या निबंधात एक निरीक्षक आहे, ज्याने श्वास मोजले नव्हते. तो मी."

मला मोकळं वाटलं. खरं सांगायचं तर थोडं मोठंही वाटलं.

सभा संपल्यावर अतिदक्षता विभागाच्या इन्चार्ज सिस्टर माझ्याकडे आल्या. वहिनीच्या हाताखाली उमेदवारी केलेल्या, आता त्याही निवृत्तीला आलेल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "सर, ते वाक्य आमच्या वॉर्डात सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येकीला वाटायचं ते आपल्यावरच आहे. एखाद्या दिवशी कंटाळा केलेला असतोच ना. मॅडमना विचारायची हिंमत कुणाचीच झाली न्हाई, अन् मॅडमनी कधी सांगितलं न्हाई. मग आम्ही आपल्या मोजत राहिलो."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"तुम्ही आज हे सांगायला नको होतं, सर," त्या म्हणाल्या. "नव्या पोरी ऐकून राहिल्या होत्या."