पंधरावी मूठ

सन १९४० च्या पावसाळ्यात शिंदखेड्याच्या तोतारामनानांच्या घरात दोन होकार अडकून पडले होते. एक द्यायचा होता, एक यायचा होता, आणि दोन्ही एकाच मुलीचे. मुलगी म्हणजे प्रमिला, नानांच्या मयत धाकट्या भावाची एकुलती एक लेक. वय चोवीस. तिच्या बरोबरीच्या मुलींची पोरं शाळेत जायला लागली होती, आणि ही बया धुळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. एम. ए. झाली होती. तेवढ्यानेही पोट भरलं नाही म्हणून समाजशास्त्राच्या पीएच. डी. साठी मुंबई धरून दोन ठिकाणी अर्ज करून बसली होती.

प्रमिलाला लहानपणापासून एक खोड होती, प्रश्न विचारण्याची. तिला पाहायला आजवर तीन घरचे पाहुणे आले. रिवाज असा की पाहुण्यांनी विचारायचं आणि मुलीने मान खाली घालून उत्तर द्यायचं. हिने नाव सांगितलं, पोहे पुढे केले आणि मग पाहुण्यांनाच विचारायला लागली. तुमच्यात वाटणी कधी झाली? चुली किती? विहीर कोणाकडे गेली? सासू वेगळी झाली की सून? तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्याला वाटलं, ही पोर नक्की भाऊबंदांनी पाठवलेली असणार. तो पोहे अर्धे टाकून उठला.

आई तिला आठवतही नव्हती. वडील अभिमन तापाने गेले तेव्हा ती दहा वर्षांची होती. अभिमनने मरताना थोरल्या भावाकडून वचन घेतलं होतं, पोरीला शिकवायचं. नानांनी ते वचन कुरकुरत, पण एका शब्दाचीही कसर न ठेवता पाळलं. अकराव्या वर्षी तिला धुळ्याच्या वसतिगृहात ठेवलं, मग पुण्याला, मग मुंबईला. दर वेळी स्टेशनावर सोडायला स्वतः गेले आणि दर वेळी म्हणाले, "आते हाई शेवटलं."

पण या वर्षी नाना खरोखर अडून बसले. एदलाबादकडच्या कौतिकभाऊंच्या घरून स्थळ आलं होतं. केळीचे मळे, भरलं घर, आणि मुलगा वकिली शिकलेला. मुलगा चांगला होता हे सांगायला हवं. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. त्या लोकांना हिच्या प्रश्नांचा किस्सा कळला होता आणि तरी ते हो म्हणत होते. फक्त लग्नानंतर शिक्षण-नोकरी बंद, एवढी एकच अट होती.

"अभिमनले शब्द दिधा व्हता, पोरले शिकाडसू. शिकाडी," नाना म्हणाले. "कानबाईना रोट सरतस तोपर्यंत तुनं मुंबईनं पत्र उनं तर जाय. नही उनं तर मी एदलाबादले होकार धाडस."

मुदत अशी रोटावर बांधलेली खानदेशाबाहेर कुठे ऐकायला मिळणार नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी भाऊबंदकीतल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्याचे जाडजूड रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला कण द्यायचा नाही आणि पुनवेच्या आत संपवायचे.

गंमत अशी की प्रमिलाचा अर्ज याच मुठीवर होता. मे महिन्याच्या सुट्टीत तिने वही घेऊन शिंदखेड्यातली बावीस घरं पालथी घातली होती. भाऊ वेगळे होतात, शेत वाटतात, चुली मांडतात, एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत, पण कानबाईला त्यांच्या मुठी एकाच सुपात पडतात. मग कुटुंब म्हणजे नक्की कोण? एका चुलीवर जेवणारे की एका सुपात मोजलेले? तिने ओट्यावर बसलेल्या कर्त्या माणसांना विचारून घरोघरच्या मुठी लिहून घेतल्या. स्वतःच्या घरच्या नानांनी सांगितल्या, चौदा. चौदा पुरुष, चौदा मुठी.

आणि अर्जाच्या शेवटी तिने एक वाक्य लिहिलं होतं, ज्यावर ती मनातून फार खूश होती. 'या मोजणीत मुलीला मूठ नाही. ती ज्या घरात जन्मते त्या घराच्या हिशेबात ती कधीच नसते.' हे वाक्य लिहिताना तिचे डोळे भरून आले होते. आपल्याच वाक्याने आपले डोळे भरून आले की माणसाने जरा सावध व्हावं, पण चोविसाव्या वर्षी ते कोणाला कळतं?

उत्तरेतल्या एका विद्यापीठाचं उत्तर जुलैतच आलं. जागा नाही, क्षमस्व. उरली मुंबई. प्रमिलाने शाळेकडून रजा घेतली आणि घरी येऊन बसली. सुरतेकडची गाडी येऊन गेली की तासाभराने पोस्टमन हिलाल गल्लीत दिसे, आणि तो दिसला की घरातली बारकी पोरंसुद्धा खेळ थांबवत. हिलाल लांबूनच हात हलवी. "आज बी नही उनं, ताई." चांगलं माणूस. नसलेल्या पत्रासाठी तिला दारापर्यंत येऊ देत नसे.

कानबाईच्या आधीच्या बुधवारी मोठीमाय, म्हणजे नानांची बायको मंजुळाबाई, सूप घेऊन बसली. प्रमिलाला हिनेच वाढवलेलं. वसतिगृहात गेल्यापासून श्रावणात प्रमिला कधी घरी नसायची, त्यामुळे मुठी भरताना तिने शेवटचं पाहिलं ते परकरात असताना. आता ती वही मांडीवर घेऊन समोर बसली. मोठीमाय एकेक नाव घेई आणि एकेक मूठ सुपात टाकी. घरधनी. भिकन. पितांबर. असं करत चौदा नावं झाली. प्रमिलाने वही मिटली. तेवढ्यात मोठीमायचा हात पुन्हा गव्हात गेला, आणि ओठ न हलवता तिने आणखी एक मूठ सुपात सोडली.

"मोठीमाय, हाई कोनी?"

मोठीमायने आधी दाराकडे पाहिलं. नाना ओट्यावर नव्हते. "तुनी शे," ती म्हणाली. "तुना बाप गया त्या वरीसले चौदाच भरन्या व्हत्यात. पन हात थांबनाच नही. पंधरावी भराई गई. मंग मी म्हनं, ऱ्हाऊ दे, हाई पोरनी."

"दर वरीसले?"

"मंग? एक वरीस मूठ भरी आनि दुसरा वरीसले नही भरी, तर मरनीस का तू?"

"नानाले माहीत शे?"

"त्यासले काय करनं शे? त्या रोट खातस. मोजतस का?"

चौदा वर्षं. वसतिगृहाच्या पातळ आमटीपुढे बसून, घरी आज कानबाई असेल आणि आपलं तिथे काहीच नसेल, असं मनात म्हणत तिने जे जे श्रावण काढले, त्या प्रत्येक श्रावणात तिच्या नावाची मूठ सुपात पडली होती. तिला इतका आनंद झाला की तिने मोठीमायचे गव्हाच्या धुळीने भरलेले हात धरले आणि रडली. मोठीमाय म्हणाली, सूप सांडशील.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. अर्जात चौदा लिहिलं होतं. आणि ते लाडकं वाक्य तर सपशेल खोटं होतं, निदान तिच्या स्वतःच्या घरापुरतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

ती वही घेऊन तशीच उठली. या खेपेला ओट्यावर थांबलीच नाही, थेट प्रत्येक घराच्या चुलीपाशी गेली. बेबाबाईंनी इकडेतिकडे बघत कबूल केलं, एक मूठ मेलेल्या बैलाची टाकते. अठरा वर्षं राबला, मूठ कशी तोडू? पुष्पाबाईंच्या घरी एक मूठ वना सालदाराची होती. परजातीचा, त्यांच्याच खळ्यात म्हातारा होऊन मेलेला. सुनंदाबाई रंगूनला गेलेल्या आणि वीस वर्षांत एक ओळ न लिहिलेल्या दिराची मूठ भरत होत्या, कारण न भरणं म्हणजे तो मेला असं म्हणणं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बावीसपैकी नऊ घरांत जास्तीची मूठ निघाली. नवऱ्यांना पत्ता नव्हता. प्रत्येक बाईला वाटत होतं, हे पाप आपण एकटीच करतो.

हे मुंबईला कळवायचं की नाही? कळवलं तर निवड करणारे म्हणतील, हिला स्वतःच्या घरात पंधरापर्यंत मोजता आलं नाही, ही काय संशोधन करणार? न कळवलं तर कोणाला कळणार होतं? मुंबईचे प्राध्यापक थोडेच शिंदखेड्याला सूप बघायला येतात? एदलाबादचं स्थळ डोक्यावर होतं. संध्याकाळभर ती घरात येरझाऱ्या घालत राहिली. शेवटी तिने सगळं मोठीमायला सांगितलं.

मोठीमायने कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "चुकनं ते सांगी टाक," ती म्हणाली. "गहू निवडतांना खडा दिसना तर आपन तोंड फिरावतस का?"

प्रमिलाने लिहिलं. अर्जातली संख्या चुकीची आहे, शेवटचं वाक्य काढून टाकावं, ही नऊ घरं आणि त्यांच्या या नऊ मुठी. चूक कशी झाली तेही लिहिलं: 'मी रोट खाणाऱ्यांना विचारलं, मूठ भरणाऱ्यांना विचारलं नाही.' पत्र स्वतः स्टेशनावर नेऊन टाकलं आणि परत येताना तिला एकदम हलकं वाटलं. आता जे व्हायचं ते होवो.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत नदीवर गेली. आणि रोट संपवायला सुरुवात झाली. म्हणजे, व्हायला हवी होती. नानांचा थोरला मुलगा भिकन, जो दर वर्षी एकटा दोन रोट उडवायचा, तो मंगळवारी म्हणाला, पोट बरं नाही. धाकट्या पितांबरची दाढ दुखायला लागली. वेगळे राहणारे चुलत भाऊ आपला वाटा न्यायला आले आणि बोटभर तुकडा घेऊन गेले. पोरांना कोणी दटावलं नव्हतं, पण तीही कुरतडल्यासारखी खात होती. बुधवारी टोपलं निम्मं भरलेलं, गुरुवारीही जवळजवळ तेवढंच.

"यंदा रोट सरतस कसा नही?" नाना गरजले.

"जाड व्हयी गयात," मोठीमाय म्हणाली.

प्रमिला हे सगळं पाहत होती. वहीत लिहायला हवं होतं, पण तिला लिहिता येईना. ज्यांना आपल्या शिक्षणाचं काही पडलेलं नाही असं ती समजत होती, ते चौदा पुरुष तिच्यासाठी उपाशी राहत होते. तिला हसूही येत होतं.

पण पुनव कोणासाठी थांबत नाही. शनिवारी रोट संपवणं भाग होतं. दुपारी मोठीमायने रिकामं टोपलं उलटं करून झटकलं आणि कोणाकडे न बघता आत गेली. नानांनी हात धुतले, पोस्टकार्ड मागून घेतलं, दौत-टाक घेतला आणि ओट्यावर बसले. एदलाबादला होकार लिहायचा होता. तासभर ते बसून होते. टाकावरची शाई तीनदा वाळली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हिलाल दिसला. त्याने हात हलवला नाही. तो सरळ चालत दारापर्यंत आला आणि लांब पाकीट नानांच्याच हातात दिलं. नानांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि प्रमिलाकडे दिलं. घरातले सगळे उंबऱ्याशी गोळा झाले.

पत्र इंग्रजीत होतं. प्रमिलाने आधी मनात वाचलं, आणि मग आवाज सांभाळत मराठीतून सांगायला लागली. पीएच. डी. साठी नाव नोंदवून घेतलं आहे, महिन्याच्या आत मुंबईस हजर व्हावं. खाली प्राध्यापकांनी हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, आणि त्या तिने भरभर वाचून टाकल्या: 'तुमचा पहिला अर्ज चांगला होता आणि तसे चांगले अर्ज आमच्याकडे आणखी पाच होते. दुसऱ्या पत्रानंतर मंडळाला चर्चा करावी लागली नाही. तुमच्या घरच्या पंधराव्या मुठीपासूनच प्रबंधाला सुरुवात करा.'

भिकनने आनंदाने पितांबरच्या पाठीत धपाटा घातला. पितांबरची दाढ जागच्या जागी बरी झाली होती.

नाना मात्र हलले नाहीत. "पंधरावी?" ते म्हणाले. "आपल्या घरनी? कोनी?"

मोठीमायने दाराआडून डोक्यावरचा पदर पुढे ओढला. चौदा वर्षांची चोरी अशी मुंबईहून येऊन पकडली जाईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"पोरनी," ती म्हणाली. "अभिमन गया तवयपासून."

नानांनी खाली पाहिलं. समोरच्या पोस्टकार्डावर एदलाबादचा पत्तासुद्धा लिहिलेला नव्हता. त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा बाहेर काढला. रोटाचा तुकडा, मंगळवारीच लपवून ठेवलेला, वाळून दगड झालेला. तो त्यांनी प्रमिलाच्या हातावर ठेवला.

"मंग हाऊ तिना वाटाना शे," नाना म्हणाले. "म्हनीसनच उरना."