निळ्या गिटारीवरचा गेरू

"बें बें कर," शेठ म्हणाला. "मेंढरं राखायचास ना? मग ओरड."

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. मी गुडघ्यावर. पुढ्यात निळी इलेक्ट्रिक गिटार. तिच्या पाठीवरचा गेरूचा ठिपका मी माझ्याच गमछ्यानं पुसत होतो.

ओरडलो. एकदाच. लोक हसले. दारात माझी कारभारीण भाकरी घेऊन उभी होती. तिनं ऐकलं. डबा पायरीवर ठेवला आन निघून गेली.

ठिपका मीच लावला होता. आम्ही गंगापूरकडचे मेंढरंवाले. दुष्काळात चारा सरला, कळप इकला, शहरात येऊन उस्मानपुऱ्यात वाद्यांच्या दुकानात हमालीला लागलो. शहर वाढत होतं. नव्या इमारतींतली पोरं गिटारी घ्यायला यायची.

त्या गिटारींच्या नावांचा लई घोळ. एक कंपनी दोन गिटारींना एकच नाव देते, मागं नुसतं एक अक्षर वेगळं. एक महाग, एक हलकी. दुसरी कंपनी तेच नाव उचलते आन आकडा लावते. पुढच्या साली तोच आकडा भलत्याच गिटारीवर. शेठ शिकलेला, तोसुद्धा डोकं खाजवायचा. मला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाय.

सलीमभाईंची निळी गिटार दुरुस्तीला आली होती. दुकानात इकायला तशीच एक जुनी निळी. नाव एकच. कळपात दुसऱ्याचं मेंढरू आलं की आम्ही गेरू लावतो. मी सलीमभाईंच्या गिटारीला लावला. माझ्या लेखी ते इमानाचं काम. शेठला नुसता डाग दिसला.

घरी कारभारीण एवढंच म्हणाली, "उपाशी राहू. पन पुन्यांदा तसं ओरडू नका."

ठिपका पुसल्यावर त्याच दिवशी शेठनं नुसतं नाव वाचून गिटार पिशवीत घातली आन सलीमभाईंना दिली. दुसऱ्या दिवशी ते लालबुंद होऊन आले. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवून पोट भरणारा माणूस. "ये मेरी नहीं है. मेरी किधर गयी? बेच डाली क्या?"

शेठनं माझ्याकडं बोट केलं. "ह्या म्हाताऱ्यानं बदलली. अडाणी आहे." मग माझ्या कानाशी येऊन, "हो म्हण. नाहीतर उद्या येऊ नको."

"मी नाय बदलली," मी मोठ्यानं म्हणालो. "मी खूण केली व्हती. तुम्ही पुसायला लावली. पिशवीत तुम्ही घातली."

सलीमभाई माझ्याकडं वळले. "चाचा, मेरी कौनसी?"

मागच्या खोलीतून उचलून आणली. दोन्ही रोज उचलत होतो. त्यांची जड होती, हाताला कळायचं. त्यांनी तारा छेडल्या. "यही है."

"चालता हो," शेठ म्हणाला. मला. मी चालता झालो.

कारभारीण औंदा गेली. पोटाचं दुखणं. तिनं ते ओरडणं ऐकलं, ते काही माघारी घेता येत नाय. घरात बसवत नाय. म्हणून चितेगावला एका कारखान्याच्या गेटवर राखणीला बसतो. तिथंही बसवत नाय, उठून फिरत राहतो.

परवा मॅनेजरनं इंग्रजी कागद पुढं केला. कारखान्यात माल फुटलाय, कागदात तो कुणाच्या नावावर घातलाय ते ठाऊक नाय. "बाबा, सही करा. नुसती फॉर्मॅलिटी."

"काय लिहिलंय?"

"तुम्हाला काय कळणार?"

पेन त्याच्या टेबलावर ठेवला. मराठीत लिहून आणा म्हणालो. वाचीन. माझी चूक असंल तर चार माणसांत कबूल करीन. तुमची असंल तर सही नाय. कामावरून काढा. सही नाय.