आधी बैल, मग कठडा

आमच्या शेजारच्या जिजाबाई भोयर रोज पहाटे फाटकासमोर शेणाचा सडा टाकतात. मनीषनगरात गाडी उभी करायला जागा हवी म्हणून लोकांनी तुळशीलासुद्धा गच्चीवर पाठवलंय. तिथे सत्तरीची ही बाई मागच्या गोठ्यातून बादलीत शेण आणते, पाण्यात कालवते आणि हाताने सपासप शिंपडते. वर चार बोटांची रांगोळी. मी वकील आहे. तीस वर्षं कोर्टात गेल्यामुळे मला कशातही खोट दिसते, आणि या सड्यात मला फक्त वास दिसत होता.

घर जिजाबाईंच्या नावावर आहे. बाईच्या नावाने खरेदी केली की स्टॅम्प ड्युटीत सूट मिळते, म्हणून त्यांच्या मुलाने, सुशीलने, खरेदीखत आईच्या नावाने केलं. तो खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला. घर झाल्यावर त्याने हौसेने फाटकाबाहेरच्या उतारावरही गुळगुळीत, चकचकीत टाइल बसवल्या. जिजाबाई कुहीकडच्या खेड्यातून आलेल्या, जन्मभर मातीवर सडा टाकलेला. माती सडा पिऊन टाकते, टाइल पीत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. सुशीलच्याही नाही. खोट शोधणाऱ्या माझ्या तर नाहीच नाही.

गेल्या लक्ष्मीपूजनाला सण म्हणून सडा जरा दाट पडला. दिवाळीच्या गर्दीमुळे पार्सल पोचवणारा संघपाल सकाळी सातलाच आला आणि उतारावर पाय ठेवताच उताणा झाला. उजवं मनगट मोडलं. जिजाबाईंनीच त्याला उठवलं, पदर फाडून हात गळ्यात बांधला आणि ऑटोत बसवून दवाखान्यात नेलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर पडलं. त्याच्या कंपनीने लगेच काखा वर केल्या. घरात बायको, दोन लहान पोरी, आणि कमावणारा हात गळ्यात अडकवलेला. महिनाभर वाट पाहून त्याने वकिलामार्फत नोटीस पाठवली. अर्थातच जिजाबाईंच्या नावाने: घरमालक या नात्याने आपल्याकडे कामाने येणाऱ्याच्या सुरक्षिततेची काळजी घेणं आपलं कर्तव्य होतं, आपण हयगय केली, सबब नुकसानभरपाई द्यावी.

सुशील नोटीस घेऊन माझ्याकडे धावत आला. त्याआधी त्याने आईला सांगून टाकलं होतं की उद्यापासून सडा बंद. जिजाबाईंनी नुसती बादली उपडी घालून ठेवली होती. गाव सुटलं, शेत सुटलं, त्या घरातलं एवढं एक काम त्यांच्या हातात उरलं होतं.

मी मात्र खुशीत होतो. नोटिशीचं उत्तर म्हणजे माझ्या हातचा मळ. कलमावर कलम लिहीत गेलो आणि प्रत्येकापुढे ‘नाकबूल’. संघपालची चप्पल झिजलेली होती. घाईत तो खाली पाहत नव्हता. आणि शेवटी हुकमी एक्का: फाटकाबाहेरचा उतार सरकारी नकाशाप्रमाणे कार्पोरेशनच्या रस्त्यात येतो, तेव्हा पडण्याची जागा जिजाबाईंच्या मालकीचीच नाही. माझी बायको नीला हिला मी ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ती स्वयंपाकघरात निघून गेली.

संध्याकाळी कागद घेऊन सहीला गेलो. जिजाबाईंनी चहा ठेवला आणि सगळं वाचून घेतलं. चपलेपाशी त्या म्हणाल्या की चप्पल झिजली होती खरी, पण तीच चप्पल घालून तो साऱ्या मनीषनगरात हिंडतो आणि कुठंच पडत नाही. मग एक्क्याची पाळी आली. त्यांनी मला ते कलम परत वाचायला लावलं.

“वकीलभाऊ, मले एक सांगा. चार वर्सं झाले, तिथं रोज सडा मीच टाकून राहिली. तवा ते अंगन माहं होतं. आन् आता मानूस पडला तं कार्पोरेशनचं काहून?”

मी कायदा समजावून सांगू लागलो. कायदा त्यांनी शांतपणे ऐकला आणि मग गावची गोष्ट सांगितली. त्यांच्या सासऱ्यांच्या शेतातल्या विहिरीला कठडा नव्हता. ऐन पेरणीत रामाजी नावाच्या शेजाऱ्याचा बैल चरत चरत आला आणि विहिरीत पडून मेला. चार लोक म्हणाले, बैल दुसऱ्याच्या शेतात आलाच कशाला? सासऱ्यांनी वाद घातला नाही. पेरणी संपेपर्यंत आपल्या जोडीतला एक बैल रामाजीकडे बांधला, आणि मग विहिरीला कठडा बांधला.

“आधी बैल, मंग कठडा,” जिजाबाई म्हणाल्या. “तुमी लिवा, कबूल हाये.”

तीस वर्षांत नोटिशीच्या उत्तरात मी ‘कबूल’ हा शब्द लिहिला नव्हता. लिहिताना चक्क राग आला. एवढं बिनतोड उत्तर मी फाडून टाकलं आणि जेवताना नीलाशीसुद्धा बोललो नाही. तिला बहुतेक बरंच वाटलं असावं.

नवं उत्तर चार ओळींचं झालं. पुढची बोलणी कोर्टाबाहेर, जिजाबाईंच्या ओसरीवर, चिवडा खात झाली. दवाखान्याचा खर्च त्यांनी दिला आणि हात बरा होऊन संघपाल कामावर जाईपर्यंत वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूकडून येणारं भाडं त्याच्या घरी पोचतं केलं. सुशील आधी कुरकुरला. मग दोन वेळा भाडं घेऊन तो स्वतःच संघपालकडे गेला आणि त्याच्या पोरींचं कौतुक करत परत आला.

बैल झाला, मग कठडा. एका रविवारी जिजाबाईंनी सुशीलच्या हाती सब्बल दिली आणि उतारावरच्या सगळ्या टाइल उखडायला लावल्या. तिथे मुरूम टाकला, वर माती चोपली. सोमवारी पहाटे उपडी बादली सुलटी झाली आणि सडा परत सुरू झाला. मातीने तो घटाघटा पिऊन टाकला. वास मलाही आला, पण या वेळी मी खिडकी लावली नाही.

जानेवारीत संघपाल कामावर आला. मी बाहेर पेपर वाचत होतो. जिजाबाईंच्या ओल्या मातीवरून तो सरळ चालत गेला, खाली पाहिलंही नाही. त्यांनी त्याचा उजवा हात हातात घेऊन मनगट दाबून पाहिलं आणि मूठ मिटायला लावली. मग पार्सल घेतलं.

पुढचं पार्सल आमच्याकडचं होतं. आमच्या फाटकासमोर काळा ग्रॅनाइट आहे, माझ्याच पसंतीचा, आणि आमची कामवाली बाई नुकतीच तो पुसून गेली होती. संघपाल थांबला. पार्सल काखेत मारलं, चप्पल काढून हातात घेतली, दुसऱ्या हाताने भिंत धरली, आणि एकेक पाऊल टाकत आला. माझ्याच दारात माणूस असा भीत येताना पाहून मला मनापासून लाज वाटली. घरात सासूबाई, मोलकरीण, टपालवाला, सगळेच वर्षानुवर्षं असे भिंत धरून येत असतील, आणि मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

कुंपणापलीकडून जिजाबाई पाहत होत्या.

“वकीलभाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमाले बरं हाये. तुमचा कठडा आधी बांधता येते.”

मी पेपर ठेवला आणि मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, ग्रॅनाइट तर झकास आहे साहेब, काढता कशाला? मी म्हटलं, माझ्या दारातला आहे म्हणून.