बेशुद्ध पडण्याची रंगीत तालीम

आमच्या दवाखान्यात आजवर एकच माणूस बेशुद्ध पडला, आणि ती मी होते. तेही ठरवून, नवऱ्याच्या सांगण्यावरून, फरशी पुसून घेऊन.

आमचे डॉक्टर (म्हणजे माझे यजमान, दवाखाना असलेल्या माणसाला बायकोनंही डॉक्टरच म्हणायचं असतं, नाहीतर लोकांना शंका येते) बिबवेवाडीत दोन खोल्यांत प्रॅक्टिस करतात. बाहेर बाकं, आत डॉक्टर, मधे पडदा. पडद्याचा मूळ रंग कोणता, यावर माझं आणि कंपाउंडर बागवानांचं अजून एकमत झालेलं नाही. वजनकाटा सगळ्यांना सारखंच कमी वजन दाखवतो, त्यामुळे आजारी नसलेल्या बायकाही आमच्याकडे आनंदानं येतात. पेशंट बरे होतात हे खरं. पण पुन्हा त्या बाकावर बसायला लागू नये, या धास्तीनंच होत असावेत!

अशा या माणसाला एका रविवारी खराडीतल्या हॉटेलात 'लहान दवाखान्यांतील गुणवत्ता आणि रुग्णसुरक्षा' या विषयावरच्या परिसंवादाचं आमंत्रण आलं. गेले ते जेवणासाठी. परत आले ते बगलेत फाइल आणि तोंडावर भलतंच तेज घेऊन.

"आपल्याला दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायचंय," ते म्हणाले.

"आधी पडदा धुवायचाय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात सुरक्षितता शिरली. 'फरशी ओली आहे, जपून चाला' अशी एक पिवळी उभी पाटी आली आणि ठणठणीत कोरड्या फरशीवर मधोमध विराजमान झाली. आमच्या नेहमीच्या पेशंट मोहिते आजी तिलाच अडखळून पडल्या. (रुग्णसुरक्षेचा पहिला रुग्ण!) बेसिनवर हात कसे धुवावेत याची चित्रं लागली. डॉक्टर ती चित्रं बघत बघत हात धुवायचे, आणि मधे कुणी "डॉक्टर, येऊ का?" म्हटलं की विसरून पुन्हा पहिल्या चित्रापासून सुरुवात! बाहेरची रांग रस्त्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत गेली. काही लोक आजार सोडून मेथी घेऊन घरी गेले.

एवढ्यावर भागलं असतं. पण तपासणीला येणाऱ्या मॅडमना म्हणे एक ड्रिल करून दाखवायचं होतं. पेशंट अचानक बेशुद्ध पडला तर दवाखाना काय करतो, त्याचं.

"काय करतो?" मी विचारलं.

"तेच ठरवायचंय," डॉक्टर म्हणाले.

बेशुद्ध पडायला आधी बागवानांना विचारलं. "माझ्या मुलीचं लग्न ठरतंय, डॉक्टर. उगाच व्याह्यांच्या कानावर जायचं," असं म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं. राहिले मी. कॉलेजात असताना मी नाटकात काम केलं होतं, हे मीच गेली कित्येक वर्षं सगळ्यांना ऐकवत आले होते. आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?

"हे बघ," डॉक्टरांनी बजावलं, "मॅडम आल्या की मी मान हलवीन. तू पडायचंस. मग मी 'ड्रिल संपलं' म्हणेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. काहीही झालं तरी!"

"आणि पेशंटना सांगायचं ना?"

"अजिबात नाही! खरी प्रतिक्रिया दिसली पाहिजे."

ठरलेल्या दिवशी सकाळी मी बरी साडी नेसून बाकावर बसले. शेजारी मोहिते आजी, पलीकडे खोकणारी दोन-तीन माणसं. डॉक्टर पडद्याच्या फटीतून दाराकडे बघत होते. इतक्यात चष्मा लावलेली, सुती साडीतली एक बाई हातात फाइल घेऊन आत आली आणि नाक मुरडून पडद्याकडे बघू लागली. ती बघण्याची पद्धतच तपासणीची होती! डॉक्टरांनी मान हलवली. मी "अगं आई गं!" करून कोसळले.

पडले ते इतकं झकास पडले, की मोहिते आजी किंचाळल्या, "अरे देवा, डॉक्टरीणबाई गेल्या!"

"घाबरू नका!" डॉक्टर बाहेर आले आणि थेट त्या बाईंसमोर उभं राहून खणखणीत आवाजात बोलू लागले. "आता आपण सर्वप्रथम परिसर सुरक्षित करत आहोत!"

"अहो, बायको पडलीय ना तुमची?" ती बाई ओरडली. "परिसर काय सुरक्षित करताय? मी ॲम्ब्युलन्स बोलावते!"

"अवश्य बोलवा, मॅडम!" डॉक्टर आदबीनं म्हणाले. "आम्ही सगळ्या तयारीत आहोत."

मला डोळे मिटूनही कळलं, की काहीतरी चुकतंय. पण 'ड्रिल संपलं' हे शब्द काही कानावर पडेनात. उलट डॉक्टर माझी नाडी धरून त्या बाईंना पुढची पायरी समजावून सांगत होते, आणि ती फोनवर सांगत होती, "लवकर या हो! बाईपेक्षा नवऱ्याचीच अवस्था वाईट वाटतेय!"

एरवी या रस्त्यावर रिक्षाही वेळेवर मिळत नाही. ती ॲम्ब्युलन्स मात्र मेली कोपऱ्यावरच चहा पीत उभी असावी! दोन दांडगी माणसं आत आली आणि मला स्ट्रेचरवर घातलं. डॉक्टरांना वाटलं, वा, काय कडक तपासणी आहे, मॅडमनी सगळी व्यवस्था सोबत आणलीय! त्यांनी स्वतः पिवळी पाटी बाजूला करून स्ट्रेचरला वाट दिली. दार बंद झालं आणि सायरन वाजला, तेव्हा मी डोळे उघडले.

"दादा, थांबवा. मला काही झालेलं नाही. ते ड्रिल होतं."

"पडून राहा, ताई. बोलू नका."

"अहो, माझे मिस्टर डॉक्टर आहेत!"

"असतील, असतील," तो समजुतीच्या सुरात म्हणाला आणि त्यानं माझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क बसवला. पुढचा सगळा वाद मी मास्कच्या आत घातला.

इकडे दवाखान्यात (हे मला बागवानांनी नंतर सांगितलं) डॉक्टरांनी हात चोळत त्या बाईंना विचारलं, "मग मॅडम, कसं वाटलं?"

"कसलं कसं वाटलं? मी विश्रांतवाडीहून आलेय, मुलाचं शाळेसाठी मेडिकल सर्टिफिकेट न्यायला. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, इथे लगेच मिळतं!"

डॉक्टर तसेच स्कूटरवर बसले आणि सायरनच्या मागे सुटले. गळ्यात स्टेथोस्कोप, पायात एकच चप्पल. तोवर बिबवेवाडीत बातमी पसरली होती, की डॉक्टरांनी बायकोला इंजेक्शन दिलं आणि ती जागच्या जागी आडवी झाली. भाजीवाल्यानं तर इंजेक्शनचा रंगसुद्धा सांगितला!

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरनं माझं बीपी बघितलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधला आणि गंभीर झाला.

"काकू, हे फारच वाढलेलं आहे. याआधी कधी तपासलं होतं?"

मी आठवून पाहिलं. लग्नाआधी, बहुधा. डॉक्टरच्या बायकोला तपासायचं कशाला, असं यजमानांना वाटत होतं. आणि त्या कळकट पडद्यामागे जाऊन कोण तपासून घेणार, असं मला.

तेवढ्यात आमचे डॉक्टर धापा टाकत दारात आले. आकडा ऐकून त्यांचा चेहरा पडला. ते खाटेशी आले आणि माझा हात घट्ट धरून नुसते उभे राहिले. मला रडू फुटणार होतं. पण त्या तरुण डॉक्टरनं त्यांच्याकडे निरखून बघितलं.

"काका, तुम्हीही जरा बसा. तुमचं बघतो."

त्यांचं माझ्यापेक्षा जास्त निघालं!

मग काय, दोन खाटा, शेजारी शेजारी. संध्याकाळपर्यंत देखरेखीखाली. आम्ही छताकडे बघत पडलेलो असताना बागवानांचा फोन आला.

"डॉक्टर, खऱ्या मॅडम येऊन गेल्या. दवाखाना पास!"

"पास?" डॉक्टर ताडकन उठून बसले. (नर्सनं परत आडवं केलं.) "कसा काय?"

"त्यांनी लिहून दिलंय, पाहणीच्या वेळी रुग्णांना कोणताही धोका आढळला नाही."

कसा आढळणार? डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई दोघंही हॉस्पिटलात होते!